छापील अंक, हाताने लिहिलेले अंक

*बाई, नमस्कार.*

*मी देवगड तालुक्यातला, वय २७. पुण्यात चार वर्षं राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. तीनदा पूर्वपरीक्षा दिली, एकदा मुख्यपर्यंत पोचलो आणि नऊ गुणांनी राहिलो. गेल्या दिवाळीपासून घरी आहे. आमची नव्वदेक हापूस कलमं आहेत. बाबा ६१ वर्षांचे, गुडघ्यांमुळे त्यांचं झाडावर चढणं बंद झालंय. सातबाऱ्यावर चार काकांचीही नावं आहेत.*

*सध्या दिवसभर सुडोकू सोडवतो. पेपरातलं, मोबाइलवरचं, सगळ्यात कठीण पातळीचं. ते सुटतं, तिथे मला सगळं स्वच्छ दिसतं. आयुष्यातलं मात्र एक घर भरता येत नाही. पुन्हा परीक्षा द्यावी की बाग बघावी, रात्री तीनपर्यंत हाच विचार. बागेत राहिलो तर गाव म्हणणार, हरून आला. बाबांना तर मी इथे नकोच आहे, आल्या आल्या म्हणाले, "तू हंय काय करतलस?" वय निघून चाललंय, आणि दोन्ही गोष्टी एकत्र होणार नाहीत. परवा बाबा चिडले, "आकडे भरून पोट भरतला काय रे?" स्वतः मात्र तिथीवरून भरतीची वेळ तोंडी काढतात आणि बरोबर ओहोटीला खाडीत शिंपल्या (तिसऱ्या) काढायला जातात. कोड्यांतून आयुष्याला काही शिकता येतं का, की मी नुसता वेळ घालवतोय?*

*— एक वाचक*

प्रिय मुला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि तू लिहिलेल्या एकेका वाक्यासमोर खूण करत गेले. तेहतीस वर्षं गणित शिकवलं, त्याची ही सवय. निवृत्तीनंतरही रोज सकाळी चहाबरोबर एक कोडं सोडवते, त्यामुळे तू कुठे अडलायस ते मला ओळखीचं वाटलं.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. कोडी सोडवली की बुद्धी सगळीकडे तल्लख होते, असं मी वर्गात कधी सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. पण कोडं सोडवताना आपण कसे वागतो ते नीट पाहिलं, तर त्यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. तुझ्यासाठी त्यातली एकच गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती आधी सांगते.

सुडोकूच्या कागदावर दोन प्रकारचे अंक असतात. काही छापून आलेले, बाकीचे आपण लिहिलेले. छापील अंक हलत नाहीत, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. आपले अंक मात्र कितीही खात्रीने लिहिले तरी खोडता येतात. पेपरातलं कोडं पेनने सोडवणाऱ्या माणसाचं काय होतं ठाऊक आहे? अर्ध्या तासाने त्याला स्वतःचा अंक कुठला आणि छापील कुठला ते ओळखू येईनासं होतं. सगळेच काळे, सगळेच पक्के. मग एका ओळीत, जिथे प्रत्येक अंक एकदाच यायला हवा, दोन सात आले की तो म्हणतो, कोडंच चुकीचं छापलंय.

आता तुझं पत्र घे. तीनदा पूर्वपरीक्षा, एकदा मुख्य, नऊ गुण. छापील. बाबांचं वय आणि गुडघे, छापील. नव्वद कलमं, सातबाऱ्यावरची नावं, छापील. तुझं वय २७, तेही छापील. इथपर्यंत मी प्रत्येक वाक्यासमोर बरोबरची खूण केली.

मग पुढची चार वाक्यं आली. बागेत राहणं म्हणजे हरणं. बाबांना मी नको आहे. वय निघून चाललंय. दोन्ही एकत्र होणार नाही. ही चारही वाक्यं तू आधीच्या वाक्यांच्याच शाईने लिहिली आहेस, आणि यातलं एकही छापील नाही. तू लिहिलेले अंक आहेत ते. कदाचित एखादा बरोबरही असेल. पण तपासल्याशिवाय त्याला छापील समजून तू पुढचं सगळं कोडं रचत गेलास, आणि आता एक घर भरत नाही म्हणून रात्री तीनपर्यंत त्या घराकडे बघत बसतोस.

यातलं बाबांचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. "तू हंय काय करतलस?" तू याचा अर्थ लावलास, इथे तुझं काम नाही. मी पत्रात ते वाचलं तेव्हा मला वेगळंच ऐकू आलं. चार वर्षं पुण्याला पैसे पाठवलेला, गुडघे दुखणारा बाप मुलाला विचारतोय की इथे राहून तू काय करायचं ठरवलं आहेस. त्याला उत्तर हवं होतं. तू दिलंस का? पत्रात तरी दिसत नाही. माझंही ऐकणं चुकीचं असू शकेल, मी तुझ्या बाबांना पाहिलेलं नाही. पण एका घरात दोन अंक बसू शकत असतील तर नियम तुला माहीत आहे. दोन्ही कोपऱ्यात बारीक लिहायचे आणि दुसरीकडून पुरावा मिळेपर्यंत थांबायचं. आणि इथे पुरावा मिळवणं तर सोपं आहे, पुरावा समोर पडवीत बसलेला आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगते, कारण माझ्या हातून हीच चूक झाली. बी. एस्सी. झाल्यावर मला पुण्याला एम. एस्सी.ला जायचं होतं. घरात दोन धाकटी भावंडं, वडिलांचा, म्हणजे नानांचा, पगार बेताचा. मी मनाशी ठरवून टाकलं की नाना नाही म्हणणार. विचारलंच नाही. बी. एड. केलं, जवळच्या शाळेत लागले. बारा वर्षांनी, मे महिन्यात आम्ही दोघं अंगणात बसून फणस सोलत होतो, हाताला तेल लावलेलं, गप्पा चाललेल्या, तेव्हा नाना सहज बोलून गेले, "तुझ्यासाठी पोस्टात थोडे पैसे ठेवले होते त्या वेळी. तू कधी विषयच काढला नाहीस, मला वाटलं तुला जायचं नसेल." मी विळी खाली ठेवली. काही बोलले नाही. शिकवणं मला मनापासून आवडलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते घर मी न विचारता शाईने भरलं होतं, आणि समोरचा माणूसही त्याच्या बाजूने न विचारता दुसराच अंक लिहून बसला होता. बारा वर्षं.

तर बाबांना विचार. आधी हे एक कर, बाकी सगळं नंतर.

कसं विचारायचं, हा प्रश्न तुला पडेल. तुमच्यात आत्ता बोलणं कमी आहे हे कळतंय. म्हणून तू अगदी सहज लिहून गेलास त्या वाक्याकडे जाते. तुझे बाबा तिथीवरून भरती काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येतील तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अरे, हे कोडंच आहे! चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, त्या उशिराला आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी पाऊण तासाच्या तोंडी हिशेबात बसवलं. शिवाय खाडीत आत शिरायला पाण्याला आणखी वेळ लागतो, तो फरक तुझे बाबा नुसत्या अंदाजाने धरत असणार, आणि उधाणाचं पाणी कुठवर चढतं, भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, कुठे थांबतं, तेही त्यांना पाठ असणार. आकड्यांवर राग असलेला माणूस हा नव्हे. आकडे कशाला तरी जोडलेले असावेत एवढंच त्यांचं म्हणणं असावं. पुढच्या ओहोटीला टोपली घेऊन त्यांच्याबरोबर खाडीत जा. गुडघाभर पाण्यात वाकून काम करताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, अशा वेळी अवघड विषय काढणं सोपं जातं.

आता "हरणं" आणि "वय" या दोन अंकांबद्दल.

माझं घर दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याजवळ. शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आमच्या भागात हुशार मुलाच्या डोक्यावर हे नाव लहानपणापासून ठेवलेलं असतं. मीही वर्गात ते पुष्कळ वेळा घेतलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव मात्र त्या मानाने फार कमी घेतलं, आणि त्याची मला आज खंत आहे. कापरेकरही कोकणचेच, १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्मले. विद्यार्थी असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. पुढे मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ची गंमत सापडली. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ मध्ये आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. मास्तरकी करणं म्हणजे हरणं, असं त्यांनी स्वतःच्या कागदावर लिहून ठेवलं असतं तर ६१७४ कुणी शोधला असता?

तुला ६१७४ माहीत असेल, तरी एकदा करून बघ. कुठलेही चार अंक घ्यायचे, फक्त चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करायचे. जे येईल त्याचं पुन्हा तसंच. मी कापरेकरांचं जन्मसाल घेऊन केलं. १९०५ चे ९५१० वजा ०१५९, आले ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. सात पायऱ्या लागल्या, आणि सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जन्मसालाला सगळ्यात लांबचा रस्ता पडला. हे मला सापडलं त्या दिवशी मी आनंदाने शेजारणीला हाक मारून दाखवलं होतं.

आणि हे बघ, तू दिवसभर जे सोडवतोस ते सुडोकू आजच्या रूपात पहिल्यांदा कुणी तयार केलं? हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराने. तोही १९०५ सालचाच. १९७९ मध्ये ते एका अमेरिकन मासिकात आलं, तेव्हा गार्न्स ७४ वर्षांचा होता. जपानमध्ये त्याला सुडोकू हे नाव मिळून ते जगभर पसरण्याआधीच, १९८९ मध्ये, तो गेला. २७ व्या वर्षी वय निघून चाललंय असं वाटणं मी समजू शकते, चार वर्षं एका खोलीत काढल्यावर तसं वाटतंच. पण तो अंक खोड. परीक्षेची वयोमर्यादा ही छापील गोष्ट आहे, जाहिरातीत आकड्यात दिलेली असते, ती वाचून ठेव. तिच्यापलीकडचं "निघून चाललंय" हे तुझ्या हातचं अक्षर.

राहिलं चौथं, दोन्ही एकत्र होणार नाही. इथे मी तुझ्या बाजूने नाही. हापूसचं वर्ष डोळ्यांसमोर आण. नोव्हेंबरपासून मोहोर, तेव्हापासून फवारण्या, तुडतुडे, रात्रीची थंडी आणि ढगाळ हवा यांची काळजी. मार्च ते मे काढणी, पेट्या भरणं, गाडी. हे सहा-सात महिने बाग मान वर करू देत नाही. पावसाळ्यात मात्र खत, बेणणी आणि बाकीची किरकोळ कामं सोडली तर दुपारनंतरचा वेळ मोकळा असतो, आणि आपल्याकडच्या पावसात दुसरं करायला असतं काय? पुण्यात खोली घेऊन, मेसचा डबा खाऊन जो अभ्यास होतो तोच बागेतल्या मांगरात बसून होईल की नाही, हे तू करून पाहिलेलं नाहीस.

म्हणून मला विचारशील तर एक पूर्ण हंगाम बागेला दे, पण पेन्सिलने. म्हणजे असं, की एक वही कर. बाबांचा हिशेब डोक्यात असणार, तो कागदावर आण. गेल्या तीन वर्षांत किती पेट्या गेल्या, काय भाव मिळाला, औषधांवर आणि राखणीवर काय गेलं, दलालाने काय कापलं. काढणीला माणसं लावावी लागणार, कारण बाबा चढू शकत नाहीत, त्याची मजुरी. सातबारा काढून काकांशी आजवर काय बोलणं झालंय ते विचार, सामाईक जमिनीत हे आज ना उद्या पुढे येणारच. कीड-रोगांबद्दल कृषी विद्यापीठाच्या माणसांशी बोल, दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच पिकांवर काम करतंय. परीक्षेचा अर्जही भर. पावसाळ्यात अभ्यास कर. पुढच्या जूनच्या सुरुवातीला, पेट्या संपल्यावर, वही उघडून बस. तोवर त्या मोठ्या घरात "बाग" आणि "परीक्षा" हे दोन्ही बारीक अक्षरांत राहू देत.

तू म्हणतोस, सुडोकू सुटतं, आयुष्य सुटत नाही. सुडोकू सुटतं कारण ते करणाऱ्याने त्याला एकच उत्तर राहील याची काळजी घेतलेली असते. ८१ घरांत किमान १७ अंक दिल्याशिवाय असं एकच उत्तर राहूच शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाकडून सगळ्या शक्यता तपासून घेऊन दाखवलं. सोळा दिले तर एकाहून जास्त उत्तरं निघतात, आणि ती सगळी नियमात बसतात. तुझ्या कागदावर मला पाच-सहाच छापील अंक दिसले. त्यावरून "एकच बरोबर उत्तर" निघणार नाही, मग तू कितीही जागलास तरी. बाग आणि परीक्षा, दोन्ही उत्तरं नियमात बसू शकतात. हे मला तुझ्या जागी असते तर दिलाशाचं वाटलं असतं. चुकीचं उत्तर निवडण्याची भीती तुला झोपू देत नाही, आणि इथे कदाचित चुकीचं उत्तर नाहीच.

कठीण कोड्यात तू स्वतः काय करतोस ते आठव. अडलेल्या घराकडे टक लावून बसत नाहीस. ज्या ओळीत दोनच जागा उरल्यात तिथे जातोस, तिथला अंक मिळाला की शेजारच्या चौकटीत काहीतरी मोकळं होतं, आणि फिरून कधीतरी ते अडलेलं घर आपोआप भरतं. हे तुला शिकवायची गरज नाही. बाबांशी बोलणं, वही, सातबारा, ही तुझी दोनच जागा उरलेली ओळ आहे.

झोपेबद्दल मात्र वेगळं सांगते. तीनपर्यंतचं जागरण आणि दिवसभर मोबाइलवर कोडी हे बरेच आठवडे चाललं असेल आणि मन उभारीच घेत नसेल, तर डॉक्टरला दाखव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नऊ गुणांनी राहणं हे लहान दुःख नाही, आणि पत्रात तू ते अर्ध्या वाक्यात उरकलंस.

कोडी सोडू नकोस. दिवसाला एक ठेव, कागदावरचं, पेन्सिलने, आणि घरातलं एखादं काम झाल्यावर. मोबाइलवर चुकीचा अंक लगेच लाल होतो आणि कुणीतरी आपल्याला वाचवतं. कागदावर चूक वीस घरं पुढे गेल्यावर कळते, मग मागे जात जात आपण कुठे घाई केली ते शोधावं लागतं. ती सवय तुला हवी आहे.

खाडीतून परत येताना बाबांना त्यांच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक विचार आणि वाळूत काडीने ती वजाबाकी करून दाखव. ते काय म्हणाले ते मला कळव. "तू हंय काय करतलस" याचं उत्तर तू काय दिलंस ते कळव. आणि त्यांचा नंबर किती पायऱ्यांत ६१७४ ला पोचला तेही लिही, मी इथे ताडून बघेन.

तुझी,
बाई